गेंड्याच्या शिंगातलं पाणी

माझे सासरे श्रीराम पोंक्षे, म्हणजे आमचे आप्पा, टेक्सासात आले तेव्हा त्यांच्या सामानात मेतकूट होतं, लिंबाचं लोणचं होतं आणि सोवळ्याच्या रेशमी फडक्यात गुंडाळलेलं गेंड्याच्या शिंगाचं एक पात्र होतं. विमानतळावरच्या कस्टमवाल्यानं लोणचं उघडून हुंगलं, मेतकूट म्हणजे काय ते तीनतीनदा विचारलं आणि दोन्ही काढून घेतलं. पात्राकडे बघून ‘नाइस बोल’ म्हणाला आणि आदरानं परत दिलं. म्हणजे ज्या शिंगापायी गेंड्यांची कत्तल चालली होती, जे देशात आणणं हा सरळ गुन्हा होता, ते सुखरूप आत आलं आणि सासूबाईंच्या हातचं शेवटचं लोणचं कचऱ्यात गेलं. आप्पांना मिरजेहून घेऊन येणारा मी शेजारीच उभा होतो. मी जनावरांचा डॉक्टर. आणि हुज्जत कशासाठी घालत होतो, तर लोणच्यासाठी.

जनावरांचा डॉक्टर हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मराठी मंडळात ते नेहमी उशिरा सांगितलं जातं. ‘हे आमचे प्रल्हाद जोग, डॉक्टर,’ अशी ओळख व्हायची, मग थोडी शांतता, मग खाकरून ‘म्हणजे, जनावरांचे.’ समोरच्यानं आपलं कोलेस्टेरॉल सांगायला उघडलेलं तोंड मिटायचं. माझ्या लग्नातही तेच झालं. मध्यस्थानं ‘मुलगा डॉक्टर, अमेरिकेला निघालाय’ एवढंच सांगितलं होतं. कशाचा डॉक्टर ते साखरपुड्यात कळलं. तोवर पेढे वाटून झाले होते. सासूबाई, वसुधाबाई, फटकळ. त्या चारचौघांत म्हणाल्या, “बरंय. पेशंट तक्रार तरी करणार नाहीत.” मी खो खो हसलो. त्यावर त्या आप्पांना म्हणाल्या, “गेंड्याच्या कातडीचा आहे हो जावई.” ते बिरूद मला कायमचं चिकटलं.

म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू फिरवणारा मी माणूस. सासूबाईंना ते कुणीतरी रंगवून सांगितलं आणि त्या हातानं त्यांच्या देवघराला शिवायला मला बंदी झाली. दिवाळीला मिरजेला गेलो की आंघोळ करून, कद नेसून उभा राहिलो तरी त्या म्हणायच्या, “लांबूनच नमस्कार करा. देवाला दिसतं.” मी लांबून नमस्कार करायचो. मृणालिनी, माझी बायको, पदर तोंडाला लावून हसायची.

तर ते पात्र. ओंजळीएवढं, होडीसारखं, काळपट मधाच्या रंगाचं. उजेडात धरलं की कडेनं लालसर दिसे. आप्पांच्या आजोबांना कुणा संस्थानिकानं दिलेलं. त्याला खड्गपात्र म्हणायचं, खड्ग म्हणजे गेंडाच. त्यातून पितरांना सोडलेलं पाणी आटत नाही, थेट पोचतं, असं आप्पा मानत. आप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. बाकी कशावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, सरकारवर तर नव्हताच, पण या पात्रावर होता. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट होती. त्यांचे हात कापायचे. कंप सुटलेल्या ओंजळीत पाणी ठरत नाही. नाव-गोत्र म्हणून होईपर्यंत सगळं सांडून जातं. पात्र हातात असलं की निभायचं. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तिथीला आप्पा त्या पात्रातून त्यांना पाणी देत. मुलगा नाही, एकुलती एक मुलगी, ती अमेरिकेत. “तिला मी एवढंच देऊ शकतो आता,” असं ते एकदा म्हणाले होते, आणि लगेच ‘चहा ठेवा’ म्हणाले.

डॅलसजवळ प्लेनोत आमचं घर, तिथे त्यांचे फार हाल झाले. आम्ही दोघं कामावर, नात सुलेखा शाळेत. आप्पा काळी टोपी घालून, स्वेटरवर उपरणं घेऊन फिरायला निघायचे, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. नुसत्या गाड्या. पहिल्याच आठवड्यात पोलिसाची गाडी थांबली आणि तुम्ही हरवलात का, म्हणून विचारलं. आप्पा घरी येऊन मला म्हणाले, “जावईबापू, प्रश्न बरोबर होता. मला उत्तर देता येईना.” मी हसण्यावारी नेलं. त्यांनी तेव्हापासून फिरणं सोडलं आणि दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. तिघांशीच ते दिवसाकाठी काही बोलत. आम्हा दोघांशी आणि टीव्हीशी. सुलेखाशी बोलायचे, पण ती ‘आय डोन्ट नो, आजोबा’ म्हणून पळायची.

माझं म्हणाल तर आठवडाभर कुत्र्यामांजरांना इंजेक्शनं द्यायची आणि गुरुवारी लांबच्या एका रँचवर जायचं, असा क्रम होता. रँचचा मालक टकर, म्हातारा, डोक्यावर भली मोठी हॅट. त्याच्याकडे काळवीट होते, नीलगाई होत्या, आणि चौऱ्याऐंशीनंतर आफ्रिकेतून आणलेले काळे गेंडे होते. तिकडे चोरटे शिकारी एकही शिल्लक ठेवेनात, तेव्हा काही जोड्या टेक्सासात वाढवायच्या अशी कल्पना. टकरनं मला ठेवलं, कारण मी भारतातला. भारतातला म्हणजे माझ्या परसात गेंडेच चरत असणार, अशी त्याची समजूत. मी खरं सांगायला हवं होतं की परभणीच्या कॉलेजात आम्ही म्हैस सोडून काही पाहिलं नव्हतं, गेंडा मी फक्त पोस्टाच्या तिकिटावर बघितलाय. पण पगार चांगला होता. मी गंभीर चेहऱ्यानं ‘येस, राइनो, ऑफ कोर्स’ म्हणालो. पहिल्या गुरुवारी रोझी नावाच्या गेंडीनं माझ्या पिकअपचं दार आत ढकललं, तेव्हा टकर म्हणाला, “ती तुला ओळखते वाटतं!”

पुढे मी शिकलो. वाचलं, विचारलं, लाथा खाल्ल्या. आणि नव्यानं शहाण्या झालेल्या माणसाचं होतं तेच माझं झालं. मी दिसेल त्याला गेंडे सांगत सुटलो. सत्तर साली आफ्रिकेत साठ-पासष्ट हजार काळे गेंडे होते, आता चार-पाच हजार उरलेत. येमेनमध्ये खंजिराच्या मुठीला शिंग लागतं, पूर्वेकडे तापावरच्या औषधाला. आसामातही चोरटी शिकार बोकाळलीय. कुणी ‘काय कसं काय’ विचारलं की माझं हे सुरू. मृणालिनी म्हणायची, “अरे, त्यांनी तुझी तब्येत विचारलीय, गेंड्याची नाही.”

शहाऐंशीच्या गणेशोत्सवात डॉक्टर नरेंद्रनं मला व्याख्यानाला बोलावलं. नरेंद्र म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, हृदयाचा डॉक्टर, प्लेनोतलं सगळ्यात मोठं घर त्याचं. मनानं दिलदार, पण जगात काही मागवता येत नाही यावर त्याचा विश्वास नव्हता. बोलावलं म्हणजे काय, कोलेस्टेरॉलवर बोलणारा पाहुणा ऐन वेळी आला नाही, म्हणून लेझीम आणि जेवण यांच्या मधली वीस मिनिटं माझ्या गळ्यात पडली. मी हुरळलो. स्लाइड काढल्या. आणि शेवटी दणका द्यायचा म्हणून आप्पांकडे पात्र मागितलं. आप्पा म्हणाले, “न्या. ओवळ्यानं शिवू नका.” मी आंघोळ करून, टॉवेलात धरून नेलं.

शाळेचं कॅन्टीन भाड्यानं घेतलेलं. स्लाइडमधला पहिलाच गेंडा उलटा आला, चारी पाय वर. पोरं टाळ्या वाजवू लागली. मी न डगमगता बोलत राहिलो. कापलेल्या तोंडाच्या गेंड्याची स्लाइड आली तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. मला वाटलं, जिंकलं. मी येमेनवाल्यांना झोडलं, चिन्यांना झोडलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणालो, “आणि आपण? आपण मागे आहोत का?” टॉवेल बाजूला केला आणि पात्र वर धरलं. “मित्रहो, हे गेंड्याचं शिंग आहे. आपल्याच घरातलं. यातून आपण पितरांना पाणी देतो!”

माझी अपेक्षा अशी की माना खाली जातील. एखादी बाई डोळे पुसेल. झालं काय, तर नरेंद्रची बायको रेखा पुढे आली आणि तिनं हात जोडले. तिच्या मागून दुसरी. बघता बघता रांग लागली. लोक पात्राला बोट लावून डोळ्यांना लावत होते. “ओरिजिनल आहे?” “आमच्या नागपूरच्या काकांकडे होतं हो, वाटणीत गेलं.” एका इंजिनिअरनं विचारलं, यातून पाणी प्यायलं तर बीपीला चालतं का. हृदयाचा डॉक्टर शेजारी उभा असताना हा प्रश्न त्यानं मला विचारला. उभ्या आयुष्यात मंडळात मला कुणी विचारलेला तो पहिला वैद्यकीय प्रश्न. मी काय उत्तर दिलं ते सांगत नाही. पहिल्या रांगेत आप्पा ताठ बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तकाकी आली होती.

गणपती संपले की पितृपक्ष. ज्यांनी पंधरा वर्षांत श्राद्धाचं नाव काढलं नव्हतं, त्या सर्जन लोकांना एकाएकी वाडवडील आठवले. आमचा फोन थांबेना. ‘आप्पा आहेत का? शनिवारी पात्र घेऊन येतील का? आम्ही पिकअप करतो.’ आप्पांचे शनिवार-रविवार भरले. कधी डॅलसला, कधी आणखी पुढे. मोठमोठ्या गाड्या दाराशी यायच्या आणि आप्पा मागच्या सीटवर मांडीवर पात्र घेऊन बसायचे. लोकांकडे कुणी गुरुजी नव्हते, आप्पांना सगळं पाठ. परत आले की कोण कुठला, कुणाचे वडील कशानं गेले, कुणाच्या घरी वडे नीट झाले नाहीत, सगळं सांगायचे. मृणालिनी मला म्हणाली, “आप्पा बोलायला लागलेत रे.” तिचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, माझ्या व्याख्यानामुळे. कौतुक घ्यायची घाई मला जरा जास्तच.

आणि मग एका संध्याकाळी नरेंद्र आला. हातात मिठाईचा बॉक्स.

“आप्पा, गुड न्यूज! तुम्हाला आता वणवण नको. मी माझं स्वतःचं मागवलंय.”

“काय मागवलंत?”

“पात्र! माझा साडू जोरहाटला टी इस्टेटवर मॅनेजर आहे ना. त्याच्या ओळखीचा एक माणूस आहे. म्हणाला, अरेंज करतो. आणि जुनंपुराणं नाही हं आप्पा. एकदम फ्रेश मिळेल म्हणाला.”

आप्पांच्या हातातली बर्फी तशीच राहिली. “ताजं म्हणजे?”

“ताजं म्हणजे... नवीन,” नरेंद्र म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. देवाशपथ सांगतो, इतकी लाज मला कधी वाटली नाही. गेंडे वाचवा म्हणून मी वीस मिनिटं घसा फोडला, आणि माझ्या व्याख्यानाचं फळ काय, तर आसामातल्या एका गेंड्यावर ऑर्डर पडली! येमेनवाल्यांना जमलं नव्हतं ते मी एका स्लाइड-शोमध्ये करून दाखवलं होतं. मी चाचरत म्हणालो, “नरेंद्र, अरे यार, ते कॅन्सल कर. जिवंत जनावर मारतील रे.” तो म्हणाला, “एकच तर आहे. आणि तुमच्याकडे आहेच की!” ते पात्र माझ्याच हातानं टॉवेलातून वर धरलेलं होतं.

तो गेल्यावर आप्पांनी हातातली बर्फी बॉक्समध्ये परत ठेवली. मग म्हणाले, “जावईबापू, पन्नास वर्षं मी ते हातात धरतोय. ते जनावर मी कधी पाहिलेलं नाही. मला दाखवा.”

गुरुवारी आम्ही रँचवर गेलो. आप्पांनी केळी घेतली होती, देवळात जाताना घेतात तशी. टकरनं हॅट काढून त्यांना नमस्कार केला. रोझी जाड लोखंडी खांबांच्या पलीकडे उभी होती. आप्पा पुढे झाले तशी ती गर्रकन वळली, तोंड आमच्याकडे करून. मी सांगितलं की ती माणसाला पाठीमागे येऊ देत नाही. ही पिल्लू असताना हिच्या आईला मारलं, शिंगासाठी. रेंजर लोक पोचले तेव्हा ही मेलेल्या आईला ढुशा देत उभी होती, दूध मिळेल म्हणून. आप्पांनी केळं पुढे केलं. रोझीनं वरचा ओठ बोटासारखा वळवून केळं अलगद घेतलं. मग तिनं तोंड खांबाला टेकवलं आणि आप्पांनी शिंगाच्या बुडाशी हात ठेवला.

“हे कोमट आहे हो,” ते म्हणाले.

मी लगेच शास्त्र काढलं. शिंगात जीव नसतो, आप्पा, आपल्या नखासारखंच असतं ते, पण बुडाशी खाली कातडी जिवंत असते आणि त्यात आज ऊन आहे. मी बोलत होतो आणि ते हात न काढता ऐकत होते.

“नखासारखं असतं, मग नखासारखं कापून का घेत नाहीत?”

“वेळ नसतो. आणि बुडाला वजन जास्त. कुऱ्हाडीनं मुळापासून काढतात, हाडासकट.”

“मेल्यावर?”

“बहुतेक.”

“आपलं पात्र?”

मला खोटं बोलता आलं असतं. जुन्या काळी म्हाताऱ्या होऊन मेलेल्या गेंड्याचंही शिंग मिळायचं, असं मी म्हणालोदेखील. पण त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पात्राचं रुंद तोंड म्हणजे शिंगाचं बूड. तेवढं रुंद असेल तर ते मुळापासूनच निघालेलं असणार. एवढं मी सांगितलं. कसं मेलं ते माहीत नाही, हेही सांगितलं.

“म्हणजे कुणीच विचारलं नाही,” आप्पा म्हणाले. “आजोबांनी नाही, वडिलांनी नाही. मीही नाही.” परतीच्या वाटेवर हायवेवर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “वसुधाची तिथी पुढच्या रविवारी आहे,” एवढंच म्हणाले. आप्पांनी पात्र हाती घेतलं तर नरेंद्रला कुठल्या तोंडानं नको म्हणायचं? आणि नाही घेतलं तर त्या हातांनी बायकोला पाणी कसं द्यायचं? शनिवार-रविवारच्या त्या गाड्याही बंदच होणार होत्या. मी आपला एक्झिट चुकलो आणि ते निमित्त करून स्वतःवर चिडत राहिलो.

तिथीच्या दिवशी नरेंद्र आणि रेखा जेवायला होते. आणखी दोन कुटुंबं होती, त्यांना पात्राचे फोटो काढायचे होते. मृणालिनीनं पहाटेपासून खपून वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं केलं होतं. आप्पा सोवळं नेसून आले आणि फॅमिली रूममध्ये दक्षिणेकडे तोंड करून बसले. समोर तांब्याचं तामण, पळीपंचपात्र, तीळ, दर्भ. पात्र नव्हतं.

“आप्पा, पात्र राहिलं,” नरेंद्र म्हणाला.

“राहिलं नाही. ठेवलंय,” आप्पा म्हणाले. “ते आता श्राद्धाला निघायचं नाही. जावईबापू ते सरकारात जमा करणार आहेत.” हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या डोळ्यांसमोर ग्रीन कार्ड तरळलं. (पुढे एका वकिलाला मध्ये घालून मी ते खरोखरच जमा केलं.)

“आणि डॉक्टर,” आप्पा शांतपणे म्हणाले, “तुमच्या साडूंना फोन करा. इथूनच करा. ते नको म्हणून सांगा. तुमचं बोलणं झालं की मी पाण्याला बसतो.”

“आत्ता? तिकडे मध्यरात्र आहे आप्पा!”

“असू दे. मी थांबतो.”

“अहो, पण काकूंचं श्राद्ध...”

“तीही थांबेल. तिला माझी वाट बघायची सवय आहे.”

नरेंद्रला वाटलं, चेष्टा आहे. आप्पा डोळे मिटून बसले. श्राद्धाची वेळ टळली तर तो दिवस गेला, पुढच्या वर्षापर्यंत सासूबाईंना पाणी नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वडे गार होत होते. शेवटी रेखाच नवऱ्याला म्हणाली, “अहो, लावा ना फोन! म्हाताऱ्या माणसाला किती ताटकळत ठेवता?” नरेंद्र उठला. ऑपरेटरला जोरहाट सांगता सांगता त्याला घाम फुटला. लाइन लागायची, खरखर व्हायची, तुटायची. मृणालिनी घड्याळ आणि आप्पा यांच्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिला रडू येत होतं, आणि मी, या सगळ्या घोटाळ्याचा कर्ता, दर्भाच्या काड्या उगाच सरळ करत होतो.

अखेर लाइन लागली. नरेंद्र स्वयंपाकघरात उभा राहून टेक्सास हादरेल असा ओरडत होता. “ते कॅन्सल कर! पात्र! नको! अरे, घेऊ नकोस, मारू नका म्हणावं त्याला! कॅन्सल!” मग तो काही वेळ ऐकत राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “मारणारा उद्या जंगलात शिरणार होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “थांबवतो म्हणाला. पहाटेच माणूस पाठवतो म्हणाला.” तोही मग आप्पांच्या मागे जमिनीवर मांडी घालून बसला, इस्त्रीच्या पँटसकट.

आप्पांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. तीळ घेतले. मृणालिनीनं पळीनं त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. “वासिष्ठ गोत्र...” आप्पांनी सुरुवात केली आणि हात थरथरला. नाव यायच्या आतच पाणी मनगटावरून सोवळ्यावर सांडलं. पुन्हा घातलं, पुन्हा सांडलं. तिसऱ्यांदा आप्पांनी ओंजळ घट्ट आवळली, दात ओठांत रुतवले, तरी बोटांच्या फटींतून तीळ घरंगळून गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाले, “जावईबापू, हात धुऊन या.”

“आप्पा, माझे हात... सासूबाईंना...”

“धुऊन या म्हटलं ना.”

मी कोपरापर्यंत हात धुतले, ऑपरेशनला धुतात तसे. त्यांच्यासमोर बसलो आणि माझी ओंजळ त्यांच्या ओंजळीखाली लावली. त्यांचे हात हलायचे थांबले. मृणालिनीनं पाणी घातलं. “वासिष्ठ गोत्र, वसुधा,” आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या अंगठ्याकडून निघालेलं पाणी माझ्या बोटांवरून तामणात पडलं. जिनं जन्मभर मला देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिला पाणी माझ्या हातांवरून गेलं. सासूबाई काय म्हणाल्या असत्या ते मला नेमकं ठाऊक होतं, आणि त्या ते म्हणायला असायला हव्या होत्या असं मला फार वाटलं.

मी हात काढायला लागलो. आप्पा म्हणाले, “थांबा. एक राहिलंय.”

ज्यांच्यामागे कुणी नसतं त्यांनाही शेवटी पाणी सोडतात. मला वाटलं, तेच. आप्पा पाण्याकडे बघत होते.

“ते शिंग ज्याचं होतं, त्याचं,” ते म्हणाले. “त्याच्या जिवावर इतकी वर्षं सगळ्यांना पाणी पाजलं, त्याला एक थेंब दिला नाही. नाव माहीत नाही. गोत्रही माहीत नाही.” मृणालिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. “गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं असतं.”

काश्यप आम्हा जोगांचं गोत्र. आप्पांना ते ठाऊक होतं, लग्नाच्या वेळी त्यांनीच दोनदा विचारून घेतलं होतं. मी हसायला गेलो, पण हसू काही येईना.

मृणालिनीनं पाणी घातलं. या खेपेला आप्पांची ओंजळ स्थिर होती, आणि तरी पाणी सांडायला लागलं.

“तुमच्याच गोत्राचा आहे, जावईबापू,” आप्पा हलकेच म्हणाले. “हात कापू देऊ नका.”